पाण्याचा जमाखर्च : इयत्ता चौथीसाठी एका आठवड्याचा पाठ

आपल्या पुष्कळ शाळांच्या भिंतींवर ‘पाणी हेच जीवन’ हे वाक्य ठळक अक्षरांत रंगविलेले असते, आणि कित्येकदा त्याच भिंतीला लागून असलेल्या नळाची तोटी गळत असते. मुले वाक्य वाचतात, गळणारी तोटीही पाहतात. आणि या दोहोंपैकी त्यांच्या मनावर संस्कार घडतो तो तोटीचाच. ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले आणि पाहिलेल्यापेक्षा स्वतः केलेले मूल अधिक काळ धरून ठेवते, हे शिक्षकांना निराळे सांगावयास नको. सवय उपदेशाने लागत नाही; ती कृतीने लागते आणि हिशेबाने टिकते.

हे तत्त्व आपल्या प्रांतात नवे नाही. संत गाडगेमहाराज गावात शिरताच प्रथम हाती खराटा घेत, दिवसभर गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. काम आधी व बोलणे मागाहून, हा त्यांचा क्रम होता. 1937 साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मूलोद्योगाची जी कल्पना मांडली, तिच्याही मुळाशी हेच होते की, हाताच्या कामातून ज्ञान यावे व ज्ञानातून वर्तन घडावे. निसर्गाची संपत्ती जपून वापरण्याच्या सवयी मुलांस लावावयाच्या असतील, तर आपणांसही याच वाटेने गेले पाहिजे.

जपून वापरण्याच्या गोष्टी अनेक आहेत. कागद, वीज, अन्न, जळण, सर्वच त्यांत येतात. परंतु पाच सवयी एकदम सांगितल्या तर एकही मुरत नाही. म्हणून येथे केवळ पाणी हा एकच विषय घेतला आहे. तो प्रत्येक घरी आहे, मापाने मोजता येतो, आणि आपल्या जिल्ह्यांतील अनेक गावांत त्याच्याशी मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, शिक्षणाचा निकटचा संबंध आहे.

उद्देश

(1) लिटर व मिलिलिटर या मापांचा प्रत्यक्ष व्यवहारात उपयोग करता येणे. (2) शाळेतील पाण्याचा जमाखर्च मुलांनी स्वतः मांडणे. (3) वाचविलेले पाणी कोणाच्या श्रमाचे असते, याची जाणीव होणे. तिसरा उद्देश सर्वांत महत्त्वाचा होय. पहिले दोन त्याच्याकडे नेणारे आहेत.

साहित्य

एक बादली, लिटरचे माप, मिलिलिटरच्या खुणा असलेले औषधाचे टोपण, तांब्या, घड्याळ आणि एक स्वतंत्र वही. याहून अधिक खर्च करू नये.

पाठाचा क्रम

सोमवार : थेंब मोजणे. गळणाऱ्या तोटीखाली औषधाचे टोपण धरून 5 मिलिलिटरची खूण गाठेपर्यंत किती थेंब पडतात, ते मुलांनी मोजावे. प्रत्येक तोटीचा थेंब सारखा नसतो, म्हणून हे मोजमाप मुलांनीच करावयाचे. उदाहरणादाखल 20 थेंबांचा 1 मिलिलिटर होतो व दर सेकंदास एक थेंब पडतो असे धरले, तर एका तासात 3,600 थेंब, म्हणजे 180 मिलिलिटर पाणी जाते. दिवसाच्या 24 तासांत 4,320 मिलिलिटर होतात. पुढील गुणाकार मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. 30 दिवसांत सुमारे 130 लिटर! ही संख्या शिक्षकांनी स्वतः सांगू नये. मुलांच्या हातून ती निघाली म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटते, तोच या पाठाचा खरा प्रारंभ होय.

मंगळवार : हात धुण्याचे पाणी. पोषण आहारापूर्वी पाच मुलांनी वाहत्या नळाखाली व दुसऱ्या पाच मुलांनी तांब्याने पाणी घेऊन हात धुवावेत. दोन्ही वेळी पाणी खाली बादलीत धरावे व मापाने मोजून वहीत लिहावे. साबण दोन्हीकडे सारखाच लावावयाचा. तांदूळ व डाळ धुतलेले पाणी परसबागेतील वाफ्यांना घालावयाचे, आणि ते किती लिटर झाले तेही जमेच्या बाजूस मांडावयाचे.

बुधवार : घरचा हिशेब. आदल्या दिवशी चार प्रश्न द्यावेत. घरी रोज किती हंडे पाणी लागते? ते कोठून येते? कोण आणते? त्यास किती वेळ लागतो? उत्तरे नाव न घालता चिठ्ठीवर लिहून आणावयाची. चिठ्ठ्या एकत्र करून त्यांचा तक्ता फळ्यावर मांडावा. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी रोज 55 लिटर पाणी मिळावे, असे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या कुटुंबास त्या हिशेबाने 275 लिटर लागतील. 15 लिटरचा हंडा धरला तर ते 18 हंड्यांहून अधिक भरतात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते; तेव्हा पाण्याने भरलेला असा प्रत्येक हंडा, भांड्याचे वजन सोडूनही, 15 किलोंचा असतो. सोमवारी मोजलेली तोटी साडेतीन दिवसांत असा एक हंडा वाया घालविते, हेही आता मुलांस सहज काढता येईल.

गुरुवार : पावसाची जमा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. शाळेचे छप्पर मुलांनी जमिनीवरून पावलांनी व नंतर टेपने मोजावे. ते 100 चौरस मीटर भरले, तर 20 मिलिमीटरच्या एका पावसात त्यावर 2,000 लिटर पाणी पडते. उडून, भिजून जाणारा पाचवा हिस्सा वजा केला तरी 1,600 लिटर उरतात. हे पाणी कोठे जाते, ते कोठे साठविता येईल, याची चर्चा वर्गात घडवून आणावी.

शुक्रवार : कामाची वाटणी. तोटी बंद आहे की नाही हे पाहणे, पिण्याचे पाणी भरणे, परसबागेस पाणी घालणे व वहीत नोंद करणे, अशी चार कामे आठवड्याच्या पाळीने वाटून द्यावीत. मुलगे व मुली यांची नावे प्रत्येक कामात आलीच पाहिजेत. शनिवारच्या बालसभेत मुलांनी आठवड्याचा जमाखर्च वाचून दाखवावा. त्यास सरपंचांस व शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांस अगत्याने बोलवावे.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

बुधवारच्या तक्त्यात ‘कोण आणते?’ या प्रश्नापुढे अनेक गावांत ‘आई’, ‘ताई’ आणि ‘मी’ ही तीनच उत्तरे पुन्हा पुन्हा येतील. येथे शिक्षकांनी क्षणभर थांबावे. हजेरीपटात जिच्या नावापुढे उन्हाळ्याच्या दिवसांत वारंवार उशिराची खूण होते, ती मुलगी कदाचित टँकरच्या रांगेत किंवा विहिरीच्या काठावर आपली पाळी येण्याची वाट पाहत उभी असते. तिच्या परिपाठास चुकण्यास आळस हे कारण नसून हंडा हे कारण असते. अशा मुलीस वर्गाबाहेर उभे करणे म्हणजे गावाच्या टंचाईचा दंड तिच्याकडून वसूल करणे होय. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. पण कायदा नसता तरीही हे करणे आपल्या व्यवसायास शोभले नसते. घरी पाणी भरून आलेल्या मुलीलाच शाळेचा माठ भरावयास सांगण्याची पद्धत जेथे असेल, तेथे ती त्वरित बंद करावी. तिचा बुडालेला पहिला तास भरून काढण्याची जबाबदारी आपली आहे. ताराबाई मोदक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविल्या. मूल शाळेत येऊ शकत नाही, तर शाळा मुलाकडे गेली. आपणांस कुरणात जावयाचे नाही, केवळ वेळापत्रकात थोडी माणुसकी ठेवावयाची आहे.

दुसरी दक्षता स्वच्छतेची. काटकसर म्हणजे अस्वच्छता नव्हे. हात धुणे, पाणी पिणे व स्वच्छतागृहाचा वापर यांत मुलांनी कधीही हात आखडता घेऊ नये, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. पाणी वाचविण्याच्या उत्साहात एखादे मूल दिवसभर तहानलेले राहिले, तर तो पाठ फसला असे समजावे.

तिसरी दक्षता सत्याची. मुलांनी वाचविलेल्या चार लिटरांनी गावाची विहीर भरणार नाही, आणि भरेल असे त्यांस सांगू नये. तोटीला नवा वायसर बसविणे, छपराचे पाणी साठविणे, कोणते पीक घ्यावयाचे हे ठरविणे ही कामे वडीलधाऱ्यांची आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पडलेल्या पावसाचे माप घेऊन पाण्याचे अंदाजपत्रक मांडण्याची पद्धत पाडली. पिण्याचे पाणी प्रथम राखावयाचे, शेतीसाठी कूपनलिका घ्यावयाची नाही व उसासारखी पाणी पिणारी पिके लावावयाची नाहीत, असे निर्बंध ग्रामस्थांनी आपण होऊन स्वीकारले. चौथीच्या वर्गाने वहीत जे मांडले, तेच तेथे गावाने मांडले. म्हणूनच शनिवारच्या सभेस सरपंचांनी येणे अगत्याचे आहे. मुलांनी आपली बाजू पुरी केली, आता मोठ्यांची बाजू कोरी का, हा प्रश्न ती वही न बोलता विचारील.

मूल्यमापन

या पाठावर परीक्षा घेऊ नये व गुण देऊ नयेत. एक महिन्याने तीन गोष्टी पाहाव्यात. कोणी न सांगता उघडी तोटी बंद करणारे हात वर्गात किती आहेत? गळती दुरुस्त झाल्याची तारीख वहीत नोंदली गेली आहे काय? आणि उशिरा येणाऱ्या मुलींच्या घरी पाणी आणण्याच्या कामात भावाने किंवा वडिलांनी वाटा उचलण्यास आरंभ केला आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका जरी घरातून ‘होय’ असे आले, तरी हा आठवडा सार्थकी लागला असे समजावे, आणि पुढील महिन्यात त्याच वहीचे नवे पान उघडावे.