चाकांचा तोल



आमचे नीउ-व्हेनेप गाव हार्लेमरमेर या जुन्या सरोवराच्या तळावर वसले आहे. ते सरोवर १८५२ साली उपसून कोरडे केले. त्यामुळे येथील रस्ते सपाट व सरळ. खड्ड्यांना दोष देण्याची सोय नाही.

गेल्या हिवाळ्यात टायर बदलून घेतल्यावर मी ए-४४ रस्त्याने लायडनकडे निघालो. गावात गाडी ठीक चालली, पण ताशी ९० किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागले. वाटले, वयोमानाने माझाच हात कापतो. आठवडाभर घरी बोललो नाही; न जाणो, गाडीची किल्ली काढून घेतील! अखेर मुलाने गाडी चालवली, तेव्हा त्याच्याही हातात स्टिअरिंग थरथरले. पुढच्या चाकाला चिकटवलेले एक लहानसे वजन गळून पडले होते.

एवढ्याने असे का व्हावे? लहानपणी आपण गोफण फिरवली आहे. दगड तोच, पण वेग वाढला की हाताला ओढ किती बसते! टायर व रिम सर्व बाजूंनी अगदी सारख्या वजनाचे नसतात. समजा, चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आहे आणि टायरच्या कडेला एका जागी २० ग्रॅम जास्त आहेत. ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदात सुमारे १५ फेरे घेते, आणि ते २० ग्रॅम ५ किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतात. वेग निम्मा केला की ओढ चौथाई, म्हणजे सव्वा किलो. म्हणून दोष गावात कळत नाही, मोठ्या रस्त्यावर कळतो.

या हादऱ्यांनी टायर जागोजाग झिजतो, बेअरिंग लवकर खराब होते, चाकाची रस्त्यावरील पकड कमी होते आणि चालवणारा थकतो.

उपाय सोपा. यंत्रावर चाक फिरवले की कोठे किती वजन लावावे ते कळते. पूर्वी ही वजने शिशाची असत. युरोपात मोटारींसाठी २००५ पासून ती बंद झाली. आता जस्ताची किंवा पोलादाची लावतात.

एवढे ध्यानात ठेवावे: टायर रिमवरून काढून पुन्हा बसवला की तोल करून घ्यावा. स्टिअरिंग थरथरले तर बहुधा पुढची चाके तपासावीत, बैठक थरथरली तर मागची. गाडी एका बाजूला ओढत असेल तर तो अलाइनमेंटचा प्रश्न, तो वेगळा. तोल करूनही थरथर राहिली तर रिम वाकली आहे का, टायर फुगला आहे का, हे त्याच दिवशी पाहून घ्यावे.

आणि थरथर जाणवली तर माझ्यासारखे आठवडाभर गप्प बसू नये.