पुरावा आधी, भांडण नंतर

“ताई, या खेपेचा मसाला तुमच्या हातचा वाटत नाही. नुसतं तिखट आणि रंग!” नाशिकच्या एका जुन्या ग्राहक वहिनींचा असा फोन आला तेव्हा मी चक्रावले. त्यांची ऑर्डर माझ्याकडे आलेलीच नव्हती. त्यांनी पाकिटाचा फोटो पाठवला आणि उलगडा झाला. ऑनलाइन विक्रीच्या एका संकेतस्थळावर कुणीतरी माझ्या आडून कांदा-लसूण मसाला विकत होते. फोटो माझे, वर्णन माझे आणि नावात फक्त एका अक्षराचा फरक. जाहिरातीत माझ्या एका ग्राहकाच्या चिमुरडीचा भाकरी खातानाचा फोटोही होता.

त्यानंतरच्या धावपळीत कॉपीराइट, ट्रेडमार्क आणि खासगीपणा या तिन्हींचे कायदे मला कामी आले. कायदा घरगुती व्यवसाय करणाऱ्या बाईच्याही पाठीशी उभा राहतो, हे मी अनुभवाने सांगते. मात्र तो पुरावा मागतो. फराळ, लोणची, साड्या, शिकवणीच्या नोट्स, काहीही नेटवर विकत असाल तर पुढच्या गोष्टी वेळीच करून ठेवा.

फोटो आणि मजकूर

आपण काढलेला फोटो किंवा लिहिलेला मजकूर तयार झाला की त्यावर आपला कॉपीराइट लागू होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी केली तर तिचे प्रमाणपत्र न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा धरले जाते. हा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

माझ्या बाबतीत मूळ फाइल कामाला आली. चोरट्याने फोटो एका बाजूने कापला होता, पण मसाला ज्या निळ्या काठाच्या इनॅमलच्या ताटात ओतला होता, त्याच्या काठाचा उडालेला टवका कोपऱ्यात तसाच राहिला होता. माझ्याकडच्या फोटोत अख्खे ताट, त्यामागे उन्हात पसरलेली ब्याडगी मिरची आणि फाइलमध्ये तारीख-वेळ, सगळे होते. दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर वाद उरलाच नाही. म्हणून मोबाइलमधली मूळ फाइल दुसरीकडेही जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत लहान होते आणि तिच्यातली माहिती निघून जाते.

चोरी दिसली की रागाच्या भरात समोरच्याला फोन लावू नका. तो ते पान काढून टाकेल आणि पुरावा हातचा जाईल. आधी वेबपत्ता आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. बनावट माल मागवा, पाकीट आणि बिल जपा. प्रकरण न्यायालयात गेले तर अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते, तेव्हा वकिलांना लवकर गाठा.

मग संकेतस्थळाला लेखी तक्रार द्या. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ आणि २०१३ चे कॉपीराइट नियम सांगतात की, रीतसर तक्रार आली की ३६ तासांत तो मजकूर बंद करावा. पुढच्या २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. त्यामुळे तक्रार करून स्वस्थ बसायचे नाही. कॉपीराइटचा दावा आपण राहतो किंवा व्यवसाय करतो त्या हद्दीतल्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो. माझ्या तक्रारीनंतर ते पान उतरले आणि न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. मसाल्याच्या घटकांवर आणि प्रमाणावर माझा कॉपीराइट नाही. उद्या कुणी तोच मसाला कुटून स्वतःच्या नावाने विकला तर मी तक्रार करू शकत नाही. हक्क आहे तो माझ्या शब्दांवर आणि फोटोवर. हाच नियम आपल्यालाही लागू आहे. गुगलवर सापडलेला फोटो फुकटचा नसतो आणि खाली नाव दिले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. जाहिरातीच्या व्हिडिओला सिनेमाचे गाणे लावण्याआधीही परवाना बघा.

लोगो दुसऱ्याकडून काढून घेतलात तर पैसे देऊन थांबू नका. हक्क हस्तांतराचा लेखी कागद करून त्यावर सही घ्या. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत.

नाव

आमचा ब्रँड सासूबाईंच्या नावाचा. त्यांनी डंकावर उभे राहून मसाला कुटून घेतला, दारोदार विकला, तेव्हा कुठे ते नाव झाले. नाव वाचवताना दोन गोष्टींचा आधार होता. ट्रेडमार्कची नोंदणी आधीच झालेली होती, आणि बचत गटाच्या प्रदर्शनांच्या पावत्या, जुनी बिले, लेबलांचे नमुने एका फाइलीत लावलेले होते. वकीलबाईंनी यांच्या प्रती जोडून नोटीस धाडली आणि विक्रेत्याने नाव बदलले.

१९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले तिसाव्या वर्गात येतात, लोणची एकोणतिसाव्यात. दोन्ही विकत असाल तर दोन्ही वर्गांत अर्ज करा. व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी दर वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे. नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते आधी कुणी घेतले आहे का, हे विनाशुल्क शोधता येते. जर्नलमध्ये अर्ज प्रसिद्ध झाला की चार महिने हरकतींसाठी असतात. “कोल्हापुरी मसाला” किंवा “अस्सल तिखट” अशा नुसत्या वर्णनाच्या नावाला नोंदणी मिळणे कठीण, म्हणून वेगळे, ओळखू येईल असे नाव निवडा. अर्ज चालू असताना नावापुढे “टीएम” लिहिता येते. वर्तुळातला “आर” मात्र नोंदणी झाल्यावरच.

नोंदणी नसली तरी सगळे संपत नाही. आपल्या नावाचा लौकिक वापरून कुणी स्वतःचा माल खपवत असेल, तर त्याला न्यायालयातून रोखता येते. फक्त तो लौकिक आपला आहे, हे जुन्या बिलांनी सिद्ध करावे लागते. वेबसाइटच्या नावालाही हे संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगितले.

माणसांची माहिती

मला सगळ्यात जास्त लागले ते त्या चिमुरडीच्या फोटोचे. तिच्या आईने तो माझ्या पानासाठी लेखी परवानगीने दिला होता. ती परवानगी माझ्यापुरती होती. आईने संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे स्वतः तक्रार केली आणि मलाही माझ्या पानावरून फोटो काढायला सांगितले. मी तो त्याच दिवशी काढला, कारण दिलेली संमती मागे घेण्याचा तिला हक्क आहे.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामापुरती वापरावी आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यावी, हा त्याचा गाभा आहे.

आपण एवढे तरी पाळू या. ग्राहकांचा ग्रुप केला की प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी वापरा. कौतुकाचा स्क्रीनशॉट टाकताना नाव आणि नंबर झाका. ग्राहकांची यादी दुसऱ्या विक्रेत्याला देऊ नका, ओळखीत असला तरी. आणि आपल्या नावाने कुणी ग्राहकाचे पैसे लुबाडले, तर त्याला विनाविलंब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायला सांगा.

मैत्रिणींनो, नाव, फोटो आणि ग्राहकांचा विश्वास ही आपली कमाई आहे. तिचे कागद आजच एका फाइलीत लावा, आणि ती फाइल कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.