घरबसल्या पिलाटेस : चित्रफीत विकत घ्यावी का?

बंगळुरूसारख्या महानगरात नोकरदार माणसाचा बराच काळ प्रवासात जातो आणि उरलेला संगणकासमोर. मान आखडणे, कंबर दुखणे या तक्रारी मग वयाच्या तिशीतच सुरू होतात. व्यायामवर्गास जाण्याइतकी सवड नसल्याने अनेकांचे लक्ष घरी पाहून करावयाच्या व्यायामाच्या चित्रफितींकडे वळते. याच शहरात २०१६ साली सुरू झालेल्या क्युअरफिटसारख्या कंपन्यांनी २०२०च्या टाळेबंदीत व्यायामवर्ग थेट घराघरांत पोचवले. तेव्हापासून अशा चित्रफितींवर खर्च करणे अनेक कुटुंबांच्या अंगवळणी पडले आहे. हा खर्च कधी सार्थकी लागतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करू.

नाव म्हणजे हमी नव्हे

जोसेफ पिलाटेस यांचा जन्म १८८३ साली जर्मनीत झाला. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडमध्ये स्थानबद्ध होते. पुढे त्यांनी न्यूयॉर्क येथे व्यायामशाळा काढली. आपल्या पद्धतीस ते ‘कंट्रॉलॉजी’ म्हणत. पोट, कंबर व पाठीच्या स्नायूंवर श्वासाच्या लयीत ताबा मिळवणे हे तिचे सार होय. १९६७ साली त्यांचे निधन झाले. पुढे २००० साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने ‘पिलाटेस’ हे कोणा एकाचे व्यापारचिन्ह नसून व्यायामप्रकाराचे सामान्य नाव आहे, असा निर्णय दिला. तेव्हा वेष्टनावरील या शब्दावरून शिक्षकाच्या पात्रतेविषयी काहीच सिद्ध होत नाही. त्याने कोठे व किती काळ प्रशिक्षण घेतले, हे ग्राहकानेच पाहावयास हवे.

लाभ किती?

कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली कंबरदुखीवरील दहा चाचण्यांचा आढावा घेतला. काहीच न करण्यापेक्षा किंवा अगदी जुजबी उपचारापेक्षा पिलाटेसने वेदना कमी होतात, असे त्यात दिसले. मात्र इतर व्यायामांपेक्षा ते श्रेष्ठ असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवला आहे. पिलाटेसने यातील दुसरी गरज भागू शकते; पहिलीसाठी भरभर चालणे आहेच, आणि त्यास पैसे पडत नाहीत.

खर्चाचा खरा हिशेब

समजा, एका चित्रफीतसंचाची वार्षिक वर्गणी ३,००० रुपये आहे. आठवड्यातून तीनदा व्यायाम केल्यास वर्षाची १५६ सत्रे होतात आणि प्रत्येक सत्र सुमारे १९ रुपयांस पडते. उत्साह सहा आठवड्यांत मावळला, तर १८ सत्रे होतात आणि तेच सत्र १६७ रुपयांस पडते. वर्गणी तीच, फरक केवळ सातत्याचा.

ही शंका काल्पनिक नाही. अमेरिकेतील तीन व्यायामशाळांच्या ७,७५२ सभासदांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. मासिक शुल्क भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चार-पाच वेळाच येत. प्रत्येक भेट त्यांना १७ डॉलरहून महाग पडे. दहा भेटींचा पास घेतला असता तीच १० डॉलरांत झाली असती. पैसे भरल्याने नियमितपणा येईल, हा समज किती महागात पडतो, ते यावरून ध्यानी येते.

म्हणून क्रम उलटा ठेवावा. प्रथम चार आठवडे विनामूल्य उपलब्ध असलेल्या चित्रफितींवर, आठवड्यातून तीन दिवस व्यायाम करावा व दिनदर्शिकेवर खूण करीत जावे. बारापैकी नऊ खुणा झाल्या, तर खरेदीस हरकत नाही. चारच झाल्या, तर अडचण चित्रफितीची नसून वेळेची आहे, हे ओळखावे.

चित्रफितीस आपण दिसत नाही

समोरचा शिक्षक आपली वाकलेली मान पाहून थांबवतो. पडद्यावरचा थांबवू शकत नाही. पिलाटेसमधील अनेक प्रकारांत पाठीचा कणा पुढे गोल वाकवावा लागतो. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीस अशा हालचालीने मणक्याचा अस्थिभंग होण्याचा धोका असतो. म्हणून रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया, ज्येष्ठ नागरिक, गर्भवती आणि पायात कळ वा मुंग्या उतरणारे कंबरदुखीचे रुग्ण यांनी आधी डॉक्टरांचा किंवा फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. इतरांनीही प्रारंभीची तीन-चार सत्रे शिक्षकासमोर करावीत. तो खर्च वाचवण्याजोगा नाही.

निवडताना

१. सोप्याकडून अवघडाकडे नेणारा क्रम हवा. मूळचे कर्नाटकातील व १९३७ पासून पुण्यात स्थिरावलेले योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी १९६६च्या ‘लाइट ऑन योग’ या ग्रंथात ३०० आठवड्यांचा अभ्यासक्रम दिला आहे. घरी शिकणाऱ्यास क्रमाचे किती महत्त्व, हे त्यावरून कळते.
२. सूचना केवळ ऐकून समजाव्यात. मान वळवून पडदा पाहावा लागू नये.
३. प्रत्येक प्रकाराचा सौम्य पर्याय व निषेध सांगितलेला असावा.
४. चटईवरचे व्यायाम निवडावेत. ‘रिफॉर्मर’ या स्प्रिंगच्या यंत्रावरील चित्रफीत यंत्राविना निरुपयोगी ठरते.

वर्गणी शक्यतो महिन्याची घ्यावी. खात्यातून आपोआप रक्कम वळती करण्यास संमती देताना विशेष दक्षता बाळगावी. २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतची आवर्ती रक्कम दर वेळी ओटीपी न मागता वळती होऊ शकते. मात्र त्याआधी किमान २४ तास ग्राहकास सूचना देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले असून, ती संमती मागे घेण्याची सोयही आहे. तो संदेश न वाचता पुसू नये. महिनाभर चटई उलगडली नसेल, तर त्याच दिवशी वर्गणी थांबवावी आणि ती रक्कम आवर्ती ठेवीत वळवावी.