आंबवणाच्या फ्रीजसाठी तापमान नियंत्रक कसा निवडावा?

परवाना घेऊन छोट्या प्रमाणावर द्राक्ष वाईन करणाऱ्या बागायतदार बंधूंना जुना फ्रीज उपयोगी पडतो. मात्र फ्रीजचा स्वतःचा थर्मोस्टॅट ४ अंश सेल्सिअसच्या आसपास चालतो. एवढ्या थंडीत यीस्टचे काम जवळजवळ थांबते. पांढऱ्या वाईनसाठी साधारण १२ ते १८ अंश तापमान लागते, म्हणून स्वतंत्र नियंत्रक जोडावा. निवडताना पुढील बाबी पाहाव्यात.

१) रिले : सुरू होताना कॉम्प्रेसर नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढतो. तो पेलणारा रिले असावा.

२) विलंब : बंद झालेला कॉम्प्रेसर ३ ते ५ मिनिटे पुन्हा सुरू होऊ न देण्याची सोय असावी.

३) फरक : चालू व बंद होण्याच्या तापमानातील फरक १ अंशापर्यंत ठेवता यावा.

४) उष्णता : नाशिक भागात हिवाळ्यात रात्रीचा पारा १० अंशांखाली उतरतो. तेथे थंड व गरम अशी दुहेरी सोय असलेला नियंत्रक घ्यावा.

आंबताना रस स्वतः उष्णता सोडतो, त्यामुळे तो फ्रीजमधील हवेपेक्षा गरम असतो. म्हणून संवेदक हवेत लोंबकळत न ठेवता भांड्याला चिकटवून वरून थर्माकोल बांधावा. एवढी काळजी न घेतल्यास चांगला नियंत्रक असूनही सुगंध उडून जातो व हंगामाचा माल वाया जाण्याची भीती राहते.