थांबण्याचा निर्णय : ‘ग्लिच’ या खेळाच्या समाप्तीचा अभ्यास

आरंभिलेले कार्य तडीस न्यावे, ही शिकवण आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत आणि ती योग्यच आहे. परंतु कोणतेही कार्य कोणत्याही परिस्थितीत चालूच ठेवावे, असा तिचा अर्थ केल्यास अनर्थ ओढवतो. हाती घेतलेले काम वेळेवर थांबवणे, हेही काही प्रसंगी कर्तव्य ठरते. ते केव्हा थांबवावे आणि कोणत्या रीतीने थांबवावे, याचा विचार आम्ही प्रस्तुत पाठात संगणकीय खेळ घडवणाऱ्या एका लहान कंपनीच्या उदाहरणावरून करणार आहोत.

खेळ आणि त्याचे निर्माते

‘टायनी स्पेक’ ही कंपनी २००९ साली स्थापन झाली. स्ट्युअर्ट बटरफील्ड, एरिक कॉस्टेलो, कॅल हेंडरसन आणि सर्गेई मुराशोव हे तिचे चार संस्थापक. छायाचित्रांसाठी प्रसिद्ध असलेले ‘फ्लिकर’ हे संकेतस्थळ घडवण्यात या मंडळींचा पूर्वी वाटा होता. कॅनडातील व्हँकुव्हर आणि अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांतून कंपनीचे काम चाले.

त्यांनी घडवावयास घेतलेल्या खेळाचे नाव ‘ग्लिच’. अकरा महाकाय जीवांच्या कल्पनेतून साकारलेल्या एका जगात असंख्य लोक इंटरनेटद्वारे एकाच वेळी वावरत असत. शत्रूचा संहार करणे हे या खेळाचे उद्दिष्ट नव्हते. झाडे जोपासावी, स्वयंपाक करावा, नवनवी कौशल्ये शिकावी, एकमेकांस साह्य करावे, असे त्याचे स्वरूप होते.

२७ सप्टेंबर २०११ रोजी हा खेळ सर्वांसाठी खुला झाला. मात्र नवागतांना तो नीट उमगत नाही, हे ध्यानी येताच त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर निर्मात्यांनी तो पुन्हा चाचणीच्या अवस्थेत नेला आणि जवळजवळ वर्षभर त्यात सुधारणा केल्या. अखेर १४ नोव्हेंबर २०१२ रोजी त्यांनी प्रकल्प बंद करण्याचा निर्णय जाहीर केला व ९ डिसेंबर रोजी खेळ थांबला.

निर्णयामागील कारणे

या खेळावर मनापासून प्रेम करणारे लोक होते, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. परंतु त्यांची संख्या खेळाचा खर्च भागवण्याइतकी नव्हती. बहुतेक नवागत काही मिनिटांतच निघून जात. दुसरे कारण तांत्रिक होते. हा खेळ ‘फ्लॅश’ या तंत्रावर उभारलेला होता. लोक संगणकाकडून मोबाइलकडे वळत होते आणि मोबाइलवर फ्लॅशला भवितव्य उरले नव्हते. सर्व खेळ नव्या तंत्रावर पुन्हा उभारण्याइतका अवधी कंपनीपाशी नव्हता.

विशेष हे, की त्या वेळी कंपनीपाशी सुमारे ५० लाख डॉलर शिल्लक होते. पैसा संपला म्हणून थांबणे निराळे. पैसा असताना थांबणे अधिक कठीण. आणखी काही महिने वाट पाहावी, असे म्हणण्यास तेथे पुरेशी सबब होती.

बुडीत खर्च

जो खर्च काहीही केले तरी परत मिळणार नाही, त्यास अर्थशास्त्रात ‘बुडीत खर्च’ म्हणतात. पुढील निर्णय घेताना तो हिशेबात धरू नये, असा नियम आहे. तथापि मनुष्यस्वभाव नेमका उलट चालतो. ‘इतके केले, आता कसे सोडावे?’ हा प्रश्न आपल्याला बांधून ठेवतो आणि बुडत्याचा पाय खोलात जातो.

आपल्याकडील शेतकरी हे तत्त्व पुस्तकाविना जाणतो. पहिली पेरणी वाया गेली, की गेलेल्या बियाण्याचे दुःख असूनही तो शेत मोडतो आणि हंगाम हातचा जाण्यापूर्वी दुबार पेरणी करतो. त्याचा प्रश्न एकच असतो : आता उरलेल्या दिवसांत काय साधेल?

थांबण्याची रीत

पैसा शिल्लक असतानाच थांबल्यामुळे कंपनीस आपली कर्तव्ये पार पाडता आली. खेळाडूंनी भरलेली रक्कम परत करण्याची तजवीज झाली. बहुसंख्य कर्मचाऱ्यांना मात्र काम गमवावे लागले. ही वार्ता सांगताना बटरफील्ड यांना अश्रू आवरले नाहीत, असे त्यांनीच पुढे मुलाखतींत सांगितले आहे. अश्रूंवर न थांबता कंपनीने त्या कर्मचाऱ्यांचा परिचय देणारे पान प्रसिद्ध केले आणि त्यांना नवे काम मिळवून देण्यासाठी खटपट केली. गुंतवणूकदारांना उरलेला पैसा परत देऊ केला. त्यांनी तो दुसऱ्या कामी लावण्यास सांगितले. नोव्हेंबर २०१३ मध्ये खेळातील चित्रे व अन्य सामग्री सर्वांना मुक्त वापरासाठी खुली करण्यात आली. अशा प्रकारे अनेकांचे श्रम पेटीत बंद न होता समाजाच्या हाती आले.

निर्णयाचे मोल

दोन शहरांतील सहकाऱ्यांना परस्परांशी संपर्क साधता यावा म्हणून या मंडळींनी स्वतःपुरते एक साधन रचले होते. त्यातूनच पुढे ‘स्लॅक’ निर्माण झाले. ते फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि २०२१ साली ‘सेल्सफोर्स’ने ती कंपनी सुमारे २७.७ अब्ज डॉलरना विकत घेतली. ही हकीकत सांगून ‘अपयशातून यश मिळतेच’ असा बोध पुष्कळ जण काढतात. आम्हांस तो मान्य नाही. ज्यांचे काम गेले, त्यांतील बहुतेकांना या भरभराटीचा लाभ आपोआप मिळाला नाही. आणि बंद पडलेल्या शेकडो प्रकल्पांतून काहीच निघत नाही. स्लॅक जन्मास आले नसते, तरीही २०१२ चा तो निर्णय योग्यच ठरला असता. कारण तो उपलब्ध पुराव्यावर आणि इतरांचे देणे फेडण्याची शक्ती असताना घेतला गेला.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी संस्था चालवील, कोणी व्यवसाय, कोणी शेती. एखादे काम फळत नसल्याचे दिसेल, तेव्हा ते सोडण्यापूर्वी सुधारणेचा प्रामाणिक प्रयत्न करा. आणि तोही निष्फळ ठरला, तर तुमच्यावर विसंबलेल्यांचे हात रिकामे होण्यापूर्वी थांबा.

चिंतनासाठी प्रश्न

१. ‘ग्लिच’ आणखी एक वर्ष चालवला असता, तर कोणाचे नुकसान झाले असते?
२. चिकाटी आणि हट्ट यांतील भेद कोणत्या खुणांवरून ओळखावा?
३. आपल्या परिसरातील थांबवाव्या लागलेल्या एखाद्या उपक्रमाची माहिती मिळवून, तो कसा थांबवला गेला याचे टिपण लिहा.