फ्लॅश आणि शटर : वेगाची मर्यादा

शासकीय वा पंचायतीच्या कार्यक्रमाचे छायाचित्र हा त्या कार्यक्रमाचा दस्तऐवज होय. प्रमाणपत्र स्वीकारणाऱ्या लाभार्थ्याचा चेहरा काळ्या पट्ट्यात लोपला, तर तो क्षण पुन्हा घडवून आणता येत नाही. हा दोष बहुधा फ्लॅशचा नसतो. शटरचा वेग मर्यादेपलीकडे नेल्याने तो उद्भवतो.

भिंग बदलता येणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत फिल्म वा संवेदकापुढे दोन पडदे असतात. पहिला सरकला की संवेदक उघडा पडतो. ठरावीक वेळाने दुसरा त्याच दिशेने येऊन तो झाकतो. शटरचा वेग वाढविला म्हणून पडदे अधिक जलद धावत नाहीत. दुसरा पडदा लवकर निघतो, एवढेच. अतिवेगात दोहोंमधील अरुंद फटच पुढे सरकत जाते. फ्लॅशचा लखलखाट मात्र सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात किंवा त्याहूनही आधी संपतो. त्या क्षणी झाकलेला भाग फ्लॅशच्या प्रकाशास मुकतो. ज्या कमाल वेगास संपूर्ण संवेदक एकाच वेळी उघडा असतो, तो ‘सिंक वेग’. जुन्या अनेक कॅमेऱ्यांत तो १/६० किंवा १/१२५ सेकंद असे. आजच्या अनेक कॅमेऱ्यांत १/२०० ते १/२५० सेकंद असतो.

ठाण्याचे गडकरी रंगायतन किंवा कल्याणचे अत्रे रंगमंदिर यांसारख्या सभागृहांत ही मर्यादा आड येत नाही. तेथे १/६० सेकंद सहसा पुरेसा होतो. खरी कसोटी उन्हात लागते. डोंबिवलीत १९९९ साली सुरू झालेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सकाळी निघते. सूर्य पाठीशी असलेल्यांच्या चेहऱ्यावरील सावली उजळण्यास फ्लॅश लागतो. आयएसओ १०० असता, स्वच्छ उन्हात १/२०० सेकंदास छिद्र एफ/११ च्या आसपास ठेवावे लागते. मग ४० मार्गदर्शक अंकाचा फ्लॅश पूर्ण शक्तीनिशीही सुमारे साडेतीन मीटरपर्यंतच पुरतो. छिद्र मोठे करून वेग १/१००० वर नेल्यास चित्राच्या बऱ्याच भागावर फ्लॅशचा प्रकाश पोहोचतच नाही. ‘हाय-स्पीड सिंक’ची सोय असलेला फ्लॅश फट सरकेपर्यंत अतिजलद स्फुरणांनी प्रकाश देत राहतो, परंतु त्याचा पल्ला बराच घटतो. विषयाच्या जवळ जाणे, हाच भरवशाचा उपाय.

कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश जोडल्यास वेगाची मर्यादा बहुधा आपोआप पाळली जाते. जुना किंवा अन्य बनावटीचा फ्लॅश जोडल्यास तशी खात्री नसते. म्हणून माहितीपुस्तिकेत सिंक वेग पाहून, कार्यक्रमापूर्वी पांढऱ्या भिंतीचे एक चाचणीचित्र अवश्य घ्यावे. भिंत सर्वत्र सारखी उजळली, तरच तो वेग कार्यक्रमात वापरावा.