मेनू कसा बांधावा, आणि एका कंसाने केलेला घोटाळा

मित्रांनो, मेनू म्हटलं की होस्टेलवाल्यांना मेसच्या फळ्यावर खडूने लिहिलेली भाजी आठवते. हा लेख त्या मेनूवर नाही. खिडकीच्या वरच्या कडेला 'फाइल, एडिट, व्ह्यू' असे शब्द ओळीने बसलेले असतात, त्यांच्याबद्दल आहे. मिनी प्रोजेक्टमध्ये बहुतेक जण हा भाग शेवटच्या रात्री उरकतात. मीही तसंच केलं होतं, आणि त्याचा त्रास झाला दुसऱ्यालाच.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं जरीपटक्यात वसली. इथल्या बाजारावर त्यांची छाप आजही दिसते. याच बाजारात माझ्या ओळखीचं एक कापडाचं दुकान आहे. शेठजी सिंधी, हिशेब पाहणारे मुनीमजी मराठी. मी त्यांना पायथनमध्ये टीकेइंटर वापरून बिल आणि उधारीचा छोटा प्रोग्राम करून दिला. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीमजींचा फोन आला, "काहून बाबू, कालची उधारी कुठं गेली? एकबी नाव दिसून नाही राहिलं!"

काय झालं ते सांगतो, पण आधी मेनूची रचना समजून घेऊ.

टीकेइंटर हे पायथनचं, पण त्याच्या पोटात टीके आहे. बर्कले विद्यापीठातल्या जॉन आउस्टरहाउट यांनी १९८८ साली टीसीएल भाषेवर काम सुरू केलं आणि तिच्या जोडीला टीके तयार केलं. दोन्हींसाठी त्यांना १९९७ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. खिडक्यांवर ओढायचे मेनू त्याही आधीचे. ॲपलच्या लिसा संगणकावर १९८३ सालीच वरची मेनूपट्टी होती.

चार पायऱ्या

(कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे दिले आहेत.) पहिली पायरी, मुख्य खिडकी. दुसरी, मेनूपट्टी. तिसरी, पट्टीखाली उघडणारा मेनू. तो 'ॲड कॅस्केड'ने पट्टीला जोडायचा. चौथी, त्यातल्या कामाच्या ओळी. त्या 'ॲड कमांड'ने टाकायच्या. शेवटी खिडकीच्या 'कॉन्फिग'मध्ये 'मेनू' म्हणून आपली पट्टी द्यायची. ही शेवटची ओळ विसरलात तर एरर येत नाही, फक्त मेनू दिसत नाही. माझ्या रूममेटने यात अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

टीके ८ च्या आवृत्त्यांत मेनूच्या माथ्यावर एक तुटक रेघ दिसते. तिच्यावर क्लिक केलं की मेनू सुटा होऊन वेगळी खिडकी बनतो. नको असेल तर 'टिअरऑफ' शून्य करा.

कंसाची चूक

ओळ निवडल्यावर कोणतं फंक्शन चालवायचं ते 'कमांड'मध्ये द्यायचं असतं. इथे फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं, पुढे कंस नाही. नाव म्हणजे टेलिफोन नंबर लिहून ठेवणं. कंस म्हणजे आत्ताच डायल करणं. मी 'सर्व नोंदी पुसा' या ओळीला फंक्शन कंसासकट दिलं होतं. त्यामुळे मेनू बांधला जात असतानाच, म्हणजे प्रोग्राम उघडताक्षणी, नोंदी पुसल्या जात होत्या. फंक्शनने काहीच परत न केल्यामुळे 'कमांड'ला मिळालं 'नन', आणि ती ओळ क्लिक केल्यावर मात्र काहीच करत नव्हती!

मग चाचणीत हे दिसलं कसं नाही? रूमवर मी दरवेळी नव्या नोंदी टाकायचो, बिल पाहायचो, बंद करायचो. बंद करून परत उघडून जुनी नोंद शोधलीच नाही. पुसण्याआधी 'नक्की पुसू का?' एवढं विचारलं असतं, तरी तो प्रश्न प्रोग्राम उघडताच पडद्यावर आला असता आणि चूक तिथेच पकडली असती.

आणखी तीन खड्डे

१. ग्राहकांची नावं मी लूपमधून मेनूत टाकली. प्रत्येक ओळीला लॅम्ब्डा दिला, तरी कुठलंही नाव निवडा, उघडायचा शेवटचाच ग्राहक. कारण लॅम्ब्डा चलाची किंमत बनताना नाही, चालताना पाहतो. उपाय सोपा आहे: किंमत लॅम्ब्डाच्या डिफॉल्ट पॅरामीटरमध्ये अडकवून ठेवा.

२. 'ॲक्सिलरेटर'मध्ये 'कंट्रोल + पी' लिहिलं की ओळीशेजारी ते दिसतं, पण कळ चालत नाही. ती नुसती पाटी आहे. वेगळं 'बाइंड' करावं लागतं. 'बाइंड' फंक्शनला इव्हेंट पाठवतं, मेनू काहीच पाठवत नाही; म्हणून पॅरामीटर 'इव्हेंट = नन' असा ठेवा.

३. 'अंडरलाइन' पर्याय अक्षराखाली रेघ देतो. विंडोज आणि लिनक्सवर ऑल्टसोबत ते अक्षर दाबून मेनू उघडतो. मोजणी शून्यापासून आणि युनिकोडच्या चिन्हांनुसार. 'हिशेब'मध्ये ० म्हणजे ह, पण १ म्हणजे श नव्हे, वेलांटी! शिवाय कीबोर्ड इंग्रजीवर असेल तर ऑल्ट आणि ह दाबणार कसे? म्हणून अनेक भाषांतरांत मराठी शब्दापुढे कंसात रोमन अक्षर देतात. 'हिशेब', एक जागा, मग कंसात रोमन एच. इथे अंडरलाइन ७ येईल. बोटांवर मोजून पाहा.

मुनीमजींचा धडा

नशीब, मुनीमजींनी लाल वही बंद केली नव्हती. तिच्यावरून आम्ही दोघांनी सगळी उधारी पुन्हा भरली. ते एका शब्दानेही रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. शेजारी बसल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. उधारीची यादी मी 'टूल्स'च्या आत 'रिपोर्ट्स'मध्ये ठेवली होती. ते दरवेळी शोधत. म्हणाले, "दिवसातून पन्नासदा लागते बाबू, अन् तू कोनाड्यात ठेवली!"

आता पट्टीवर तीनच शब्द आहेत: बिल, उधारी, हिशेब. 'पुसा' ही ओळ सर्वात खाली, विभाजक रेघेपलीकडे, आणि दोनदा विचारल्याशिवाय चालत नाही. बिल उघडं नसेल तेव्हा 'छापा' ओळ गायब होत नाही, फिकी दिसते. म्हणजे जागा डोळ्यांना पाठ राहते.

तेव्हा मित्रांनो, सबमिशनच्या आधी एवढं करा: प्रोग्राम बंद करा, पुन्हा उघडा आणि कालची नोंद शोधा. मग तो अशा माणसापुढे ठेवा ज्याने तुमचा कोड पाहिलेला नाही, आणि स्वतः गप्प बसा. मुनीमजींची वही अजून चालू आहे. मीही ती बंद करा म्हणत नाही.